तुटक्या चिमट्यांचे डिगंबरनाना

आजवर मी पोत्यांनी पत्रकं वाटली आहेत. लोक ती घेतात, न बघता घडी घालतात आणि पुढच्या वळणावर सोडून देतात. वाचून, पेन्सिलीने खुणा करून परत दिलेलं पत्रक मात्र एकच. ते मी जपून ठेवलंय. त्यावर ‘लूट’ या शब्दाखाली रेघ आहे आणि समासात बारीक, तिरप्या अक्षरात एकच शब्द आहे : ‘कशी?’

तो शब्द डिगंबरनानांचा.

मी तेव्हा नुकतीच कॉलेजातून बाहेर पडले होते. धुळ्यात आमची ग्राहकांसाठी भांडणारी संघटना होती. संघटना म्हणजे चार जण, एक टेबल आणि कुणाकडून तरी मागून आणलेला प्रिंटर. त्या वर्षी आम्ही सायकल कंपन्यांच्या मागे लागलो होतो. मोटारवाल्याची तक्रार ऐकायला काचेची खोली असते, थंडगार हवा असते, वर कॉफी मिळते. सायकलवाल्याला सांगतात, ‘दुकानात टाकून जा, बघू.’ आणि सायकल कोण घेतं? ज्याच्याकडे दुसरं काही नसतं तो. ज्याला सगळ्यात जास्त गरज त्याचंच कुणी ऐकत नाही, याची मला तेव्हा चीड होती, आजही आहे.

जळगावात एका मोठ्या सायकल दुकानासमोर मी पत्रकं वाटत होते. पायरीवरून एक म्हातारा उतरला. पांढरी टोपी, धोतर, खिशाला पेन्सिल, आणि दोन्ही मनगटांवर फाटक्या ट्यूबचे कापलेले रबर, बांगड्या घालाव्यात तसे. त्याने पत्रक घेतलं आणि तिथेच उन्हात उभं राहून दोन्ही बाजूंनी वाचलं. मग पेन्सिल काढली.

“लुटतात म्हनजे काय करतात?” त्याने विचारलं.

“लुटतात म्हणजे फसवतात.”

“हां, पन कसं? कार्डावर शिक्का मारत नहीत का? पार्ट अडकवून ठेवतात? फोन उचलत नहीत? ते लिही ना, पोरी. नुसती लूट तं मले बी लिहिता येते.”

मी काहीतरी तिखट बोलणार होते. तेवढ्यात तो म्हणाला, “ऊन लय आहे. आत येऊन बस. पानी पी, मंग भांड.”

आत गेल्यावर कळलं की मी ज्या दुकानाविरुद्ध ओरडत होते, त्याच दुकानात हा माणूस तीस वर्षं काम करत होता. जवळच्या असोदा गावचा. सगळे त्याला नाना म्हणत. आधी मिस्त्री होते, गुडघे गेल्यावर शेठनी त्यांना मागच्या खोलीत एक टेबल दिलं आणि कंपनीचे क्लेम लिहायला बसवलं.

क्लेम हा प्रकार साधा आहे, निदान कागदावर. नव्या सायकलीबरोबर एक कार्ड मिळतं. त्यावर लिहिलेलं असतं की फ्रेम आणि चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा तो दोन पायांचा लोखंडी भाग, कारखान्याच्या दोषामुळे तुटला तर कंपनी बदलून देईल. तुटलेला पार्ट दुकानदाराने फॉर्म भरून कंपनीकडे पाठवायचा. कंपनी तो तपासते आणि एकतर नवा पार्ट पाठवते, नाहीतर एका ओळीचं पत्र. कार्डाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात असतं : ‘कंपनीचा निर्णय अंतिम राहील.’ म्हणजे आरोपीही तेच आणि न्यायाधीशही तेच. हे मी नानांना पहिल्याच दिवशी सुनावलं.

“खरं आहे,” नाना म्हणाले. “म्हनून तं साक्षीदार चांगला पाहिजे.”

साक्षीदार म्हणजे तुटलेला पार्ट. नानांचं सगळं शास्त्र त्याच्यावर उभं होतं. गिऱ्हाईक पायरी चढलं की त्यांचे दोन प्रश्न ठरलेले : “घासलं का? वेल्डिंग केलं का?” नमस्कार त्यानंतर. तुटलेली कड ते भिंगाखाली धरत, खिडकीकडे तोंड करून. तडा हळूहळू वाढत गेला असेल तर आत हवा-पाणी शिरून कड काळी पडलेली असते, आणि शेवटी जेवढी एका झटक्यात तुटली तेवढीच चकाकते. धडकेने तुटलं असेल तर सगळीच कड चकाकते. अर्धं काळं असेल तर बहुतेक वेळा कारखान्याचा दोष. सगळं पांढरं असेल तर खड्ड्याचा, नाहीतर चालवणाऱ्याचा.

आपल्या लोकांची खोड अशी की लोखंड तुटलं की पाय पहिल्यांदा वेल्डिंगवाल्याकडे वळतात. एक टाका मारला की काम झालं. आणि त्या एका टाक्याने कंपनीची सुटका होते, कारण काळं-पांढरं सगळं वितळून एक होतं. नाना म्हणायचे, “मोडलं की लगेच जोडू नका रे. आधी मोडलं कसं ते कोनाले तरी दाखवा.”

फॉर्मवर शेवटी ‘विक्रेत्याचा शेरा’ अशी एक रिकामी ओळ असते. बाकीचे दुकानदार तिथे ‘पार्ट तुटला’ लिहीत. नाना तिथे कार्बन लावून मजकूर लिहीत, ओळ संपली की समासात, समास संपला की मागे. त्यांच्या कार्बनप्रती मी तासन्तास वाचल्या आहेत. ‘ग्राहक खरं बोलत आहे.’ ‘ग्राहक खोटं बोलत आहे, तरीपण पार्ट खराबच आहे.’ ‘ग्राहक काहीच बोलत नाही, सोबत आलेला मेव्हणा बोलतो.’ कंपनीला ते कधी कंपनी म्हणत नसत. ‘तिकडचे’ म्हणत, सोयरीक झालेल्या घरासारखं. “तिकडच्यांचं पत्र आलं का?” “तिकडचे बोलले नहीत अजून.”

माझं त्यांच्याशी पहिलं भांडण रावेरच्या एका पोरगेल्या माणसावरून झालं. तो केळीच्या पॅकिंगवर कामाला होता. पुढचं चाक पापडासारखं वाकलेलं, चिमटा मुडपलेला. म्हणे, “नाना, उभी होती गाडी. आपोआप झालं.”

नानांनी भिंग काढलंच नाही. आऱ्यांत अडकलेला केळीच्या सोपटाचा वाळका तुकडा काढून टेबलावर ठेवला. मग चिमट्यावरून नख फिरवलं आणि निळ्या रंगाची एक खपली त्याच्या शेजारी ठेवली.

“तुझी गाडी कोनत्या रंगाची?”

“लाल.”

“हा निळा बी आपोआपच आला का?”

तो पायाकडे बघत म्हणाला, “ट्रॅक्टर मागं घेत होते, नाना. म्या तिथंच लावेल होती.”

“मंग ट्रॅक्टरवाल्याले आन. त्याची गॅरंटी आहे का पाहू.”

दुकानातली सगळी हसली. तोही हसला. नानांनी शेरा लिहिला : ‘अपघात. क्लेम नाही.’ मला संताप आला. तीस वर्षं कंपनीने हजारोंना हाकललं असेल, एका गरिबाने एकदा खोटं सांगितलं तर काय बिघडलं? मी तोंडावर विचारलं, “नाना, तुम्ही कंपनीचे की गिऱ्हाइकाचे?”

“मी तुटलेल्या पार्टचा,” नाना म्हणाले. मग गुडघे धरत खाली बसले, त्या माणसाचं चाक मांडीवर घेतलं, आणि दुपारभर एकेक आरा सैल कर, एकेक आवळ, असं करत ते सरळ करून दिलं. तेवढा वेळ त्याला विचारत होते, घरी कोण असतं, केळी कोणत्या गावाला जातात, ट्रकवर रात्रपाळी असते का.

तरी मी जात राहिले. महिन्यातून एकदा तरी धुळ्याहून जळगावची बस धरायची आणि त्या मागच्या खोलीत बसायचं. तिथल्या भिंतीवर मला हवं ते टांगलेलं होतं.

कंपनीचं एक मॉडेल होतं, बायका-मुलींसाठी काढलेलं. हलकं, पुढे टोपली, रंग सरबतासारखे. खूप खपलं. दीड-दोन वर्षांत त्याचे चिमटे तुटून यायला लागले. सगळे एकाच जागी : मानेच्या, म्हणजे हँडलकडे जाणाऱ्या नळीच्या, खाली दोन बोटं, डावा पाय जिथे जोडलेला असतो त्या सांध्यावर. सगळ्यांची कड अर्धी काळी. नानांनी पहिले तीन रीतसर पाठवले. तीन सारखी पत्रं आली : ‘वाहनाचा अयोग्य वापर आढळला. दावा नामंजूर.’ पार्ट परत आले नाहीत. त्यानंतर नानांनी पार्ट पाठवणं बंद केलं. फॉर्म पाठवायचे आणि शेऱ्यात लिहायचे, ‘पार्ट आमच्याकडे जपून ठेवला आहे. येऊन पाहावा.’ कुणी आलं नाही. ट्यूबच्या रबराने बांधून, पुठ्ठ्याची चिठ्ठी लावून ते चिमटे भिंतीवर लटकत राहिले. मी मोजले तेव्हा सात होते. त्या सात सायकली कुठे ना कुठे गोठ्यात, जिन्याखाली उभ्या होत्या, कारण या मॉडेलच्या मानेचं माप वेगळं. बाजारातला दुसरा कोणताच चिमटा त्यात बसत नव्हता.

मला त्या भिंतीत खटला दिसत होता. सात चिमटे, सात कार्बनप्रती, सात गिऱ्हाइकं. ग्राहक आयोगात हे मांडलं असतं तर कंपनीला सगळ्या सायकली परत बोलवाव्या लागल्या असत्या. मी कागद तयार करायलाही घेतले. नाना ‘हो’ म्हणाले नाहीत, ‘नाही’ही म्हणाले नाहीत.

मग हसीनाबाई आल्या. यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचा पाडा. यावलजवळच्या शेडमध्ये केळीच्या फण्या धुऊन खोक्यांत भरायचं काम. वयाच्या पस्तिशीत शेताच्या वाटेवर पडत-झडत सायकल शिकल्या होत्या. पाड्यातली सायकल चालवणारी पहिली बाई. उतारावर चिमटा तुटला आणि त्या तोंडावर पडल्या. पुढच्या दोन दातांचे टवके उडाले होते. बोलताना ओठांवर पदर धरत होत्या.

चिमटा त्यांनी धुतलेल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून आणला होता. सोडला, आणि खोलीत उजेड पडला. चिमटा चांदीसारखा चमकत होता.

नानांचा आवाज खाली गेला. “घासला, माय?”

“दोन संध्याकाळी घासला,” हसीनाबाई कौतुकाने म्हणाल्या. “चिंच लावली, राखुंडी लावली. कंपनीत जाईल ना, नाना. तिथं मोठे लोक पाहतील. घान कसा देऊ?”

तुटलेली कड आत-बाहेर, कोपऱ्याकोपऱ्यातून घासून निघाली होती. काळं शिल्लक नव्हतं. नानांनी भिंग लावलं, फिरवलं, खिडकीकडे धरलं, परत फिरवलं. तुटक्या लोखंडाकडे इतका वेळ बघणारं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही.

हसीनाबाई तोवर मला सांगत होत्या. “दीर म्हन्ते, बाईनं गाडी चालवली की असंच होते. इकून टाका म्हन्ते. चिमटा आला तं कोनी बोलनार नही. नही आला तं शेडमधे दुसरी बाई लागंल माझ्या जागी. पायी जाऊन टायमावर नही पोचत मी.”

नानांनी त्यांना घासण्याबद्दल काही सांगितलं नाही. “चांगला साफ केला,” एवढंच म्हणाले, फॉर्म भरला, आणि सही येते का ते आधी विचारून बाईंचा अंगठा न घेता सही घेतली. बाई गेल्यावर मी दार लोटलं.

“नाना, भिंतीवरचा एक काढा आणि हिच्या नावावर दाखवा. चिमट्यावर नंबर नसतो. कोण ओळखणार?”

“कोनी नही.”

“मग?”

“मंग या सातांचं काय? एक खोटा निघाला तं बठ्ठे खोटे. तू वकील शोधू राह्यली, तुले हे मी सांगू का?”

मी म्हणाले, समोरचे तीस वर्षं खोटं बोलतात, तेव्हा कुठे जातं हे? नाना म्हणाले, “ते तिकडचे आहेत.” जणू तेवढ्यात सगळं आलं.

त्यांनी शेरा लिहिला. मला तो पाठ आहे. ‘ग्राहक महिलेने चिमटा चिंच व राखेने घासला, कारण तो आपल्याकडे यायचा होता. कड काळी होती की नाही, सांगता येत नाही. परंतु याच जागी तुटलेले सात माझ्या भिंतीवर आहेत. ग्राहक खरं बोलत आहे.’

महिन्याने उत्तर आलं. ‘वाहनाचा अयोग्य वापर आढळला. दावा नामंजूर.’ त्या दिवशी नानांनी जेवणाचा डबा उघडला नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी नानांचा फोन आला. धुळ्यात हायवेवरच्या एका हॉटेलात कंपनीने खानदेशातल्या दुकानदारांचा मेळावा ठेवला होता. शेठच्या जागी नाना येणार होते. “मले ते हॉटेल माहीत नही. स्टँडवर येशीन का?”

स्टँडवर नाना उतरले ते खांद्यावर पोतं घेऊन. आत आठ चिमटे. कंडक्टर डिकीत टाका म्हणत होता, यांनी जळगावपासून मांडीवर धरलं होतं. हॉटेलच्या दारात कोट घातलेल्या एकाने मला अडवलं. नाना म्हणाले, “पोतं धरायले आनली.” खोटं नव्हतं. मी पोतं धरून दाराशी उभी राहिले.

आत पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, पडद्यावर सायकलीवर हसणारं एक कुटुंब, आणि ‘ग्राहकाचं समाधान हेच आमचं ध्येय’. कंपनीचा विभागीय अधिकारी माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा असेल. नाशिकचा, सौरभ नावाचा. बोलायला गोड होता. शेवटी म्हणाला, “कुणाला काही विचारायचंय?”

नाना उठले. मला खूण केली. मी पोतं आणलं. त्यांनी जवळच्या टेबलावरच्या श्रीखंडाच्या वाट्या बाजूला केल्या आणि आठ चिमटे चादरीवर शेजारी शेजारी मांडले, मानेला मान लावून. मग खिशातून ब्रेकची जुनी तार काढली, एक टोक मला धरायला दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि ताणली. तार आठही चिमट्यांवरून गेली आणि आठही ठिकाणी बरोबर तुटलेल्या जागेवर बसली. शिंप्याने खडूची रेघ मारावी तशी.

“साहेब,” नाना म्हणाले, “तुमचे लोक लिहितात अयोग्य वापर. मी शिकेल नही जास्त. हे आठ जन आठ गावचे. यांनी ठरवून एकाच जागी गाडी तोडली का?”

सौरभने खाली बघितलं. “नाना, हे आपण नंतर बोलू.”

“बोलू. हा चमकतो तेवढा पाहून घ्या. एका बाईनं दोन संध्याकाळी चिंचेनं घासला. तुम्ही मोठी मानसं, तुम्हाले घान कसा द्यावा म्हने.”

कुणीतरी हसलं, आणि मग कुणीच हसलं नाही. मागच्या टेबलावरून धुळ्याच्या एका दुकानदाराचा आवाज आला, “मनाकडे बी तीन शेतस.” त्याच्याकडेही असेच तीन होते. शिंदखेड्याचा एक जण म्हणाला, “मी तर भंगारात टाकले, नाना. वाटलं आपलीच लोकं वाईट चालवतात.”

मला वाटलं, आपण जिंकलो.

पॅसेजमध्ये सौरभ फोनवर बराच वेळ बोलला. मग नानांपाशी आला. आठ नवे चिमटे आठ दिवसांत येतील. विशेष बाब म्हणून, वॉरंटीत नाही. दोष मान्य केल्याचं काही लिहून मिळणार नाही. आणि हे आठ आत्ता त्याच्या गाडीत द्यायचे. कारखान्यात तपासणीला.

“आन ज्या गाड्या अजून तुटल्या नहीत त्या?” नानांनी विचारलं.

“ते वरचे ठरवतील, नाना. माझ्या हातात एवढंच आहे.” तो खोटं बोलत नव्हता, हे मला आज कळतं. तेव्हा मला तो माणूस वाटतच नव्हता.

मी नानांचा दंड धरला. “देऊ नका. हाच तर पुरावा. हा गेला की आयोगात काय दाखवणार? फोटो? कार्बनप्रती?”

“आयोगात किती दिवस लागतात?”

“वर्ष. दोन वर्षं. कधी जास्त.”

“तवर हसीनाबाईनं काय करावं?”

मी आवाज चढवला आणि पुराव्याचंच परत सांगत राहिले. नाना ऐकत होते. मग त्यांनी एकेक चिमटा उचलून सौरभच्या गाडीत ठेवला, डिकीत टाकला नाही, ठेवला. घासलेला चिमटा सगळ्यात शेवटी.

स्टँडपर्यंत मी बोलतच होते. शेवटी म्हणाले, “नाना, तुम्ही पुरावा विकला.” रिकामं पोतं चार घड्या करून मांडीवर ठेवून ते बसमध्ये बसले. खिडकीतून हात केला नाही. मीही केला नाही.

चिमटे आले. हसीनाबाईंचा सगळ्यात आधी बसवला, असं शेठनी फोनवर सांगितलं. नानांचे फोन मी उचलत नव्हते. मग पोस्टाने क्लेमचा एक कोरा फॉर्म आला. बाकी सगळं रिकामं, फक्त शेऱ्याच्या ओळीत : ‘नवीन चिमट्याला सांध्यावर जादा पट्टी आली आहे. म्हणजे तिकडच्यांना कळलं. जुन्यांना कोणी कळवलं नाही.’

यावर मी पत्रक काढलं. या वेळी ‘कशी’ ते लिहिलं : मॉडेलचं नाव, सांधा, दोन बोटं, पट्टी. पंधरा दिवसांत कंपनीच्या वकिलाची नोटीस आली, आरोप सिद्ध करा. सिद्ध करायला आमच्याकडे काही नव्हतं. आम्ही पत्रक मागे घेतलं. मला अजूनही वाटतं की त्या पॅसेजमध्ये माझं बरोबर होतं. फक्त हसीनाबाईंचं काय, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

पुढच्या वर्षी कंपनीने क्लेमचे कागद बंद केले. आता फोनवर अ‍ॅप, फोटो टाका, क्रमांक मिळेल, वाट पाहा. नानांचं टेबल शेठनी काढलं, त्या जागी मुलांच्या सायकली आल्या. एकदा मी न राहवून गेले, तर नाना पायरीवर बसलेले. लोक अजून त्यांच्याकडेच येत होते, हातात मोबाइल घेऊन. नानांनी डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर पसरली, तिच्यावर तुटलेलं पायडल ठेवलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, “आता काढ. पांढऱ्यावर काळं दिसते. फोन तिरपा धर, तुझी सावली नको.” माझ्याकडे बघून सरकले, जागा केली. त्यांनी एवढंच विचारलं, “पत्रक मागं घ्यावं लागलं ना?” मी हो म्हणाले.

नंतरच्या उन्हाळ्यात कामानिमित्त यावलला गेले. केळीच्या शेडबाहेर हसीनाबाई भेटल्या. सायकल भिंतीला टेकवलेली. दातांचे टवके तसेच, पण पदर ओठांवर नव्हता. म्हणाल्या, “नाना येऊन गेले पाड्यात. बसनं आले, तिथून पायी.” कशाला, म्हटलं, तर म्हणाल्या, “अशा गाड्या आजून दोन आहेत ना आमच्याकडे. मले पाहून दोघींनी घेतल्या. नानांनी हात लावून पाहिल्या. एकीचा चिमटा काढूनच घेतला, चालवू नको म्हने, तडा आहे. दुसरीले तडा नही म्हनून ठिपका लावला.”

“ठिपका?”

त्यांनी आपल्या चिमट्याखाली बोट दाखवलं. सांध्याच्या खाली, वाकल्याशिवाय दिसणार नाही असा, पिवळ्या ऑइलपेंटचा एक ठिपका होता.

परतताना असोद्यावरून जळगावला जाणारी बस मिळाली. गावाच्या अलीकडे रेल्वेचं फाटक लागलं होतं. मालगाडी यायची होती. बस उभी, मागे-पुढे मोटारसायकली, केळीचा टेम्पो, आणि कडेने बऱ्याच सायकली. मी खिडकीतून बघत होते.

फाटकाच्या खांबापाशी नाना होते. हाताला तारेने अडकवलेला रंगाचा छोटा डबा. ते फाटकावर का उभे आहेत ते मला लगेच कळलं. रस्त्यात सायकल थांबवली तर माणूस थांबत नाही. इथे सगळेच थांबलेले असतात. एका कॉलेजच्या मुलीच्या सरबती सायकलीपुढे ते वाकले होते. मुलगी घाबरून हँडल घट्ट धरून होती. नानांनी तिला काहीतरी विचारलं, मान हलवली, आणि मानेखाली दोन बोटं सोडून सांध्यावरून अंगठा फिरवला, हळू, जसा ताप बघतात तसा. मग डब्यात काडी बुडवून ठिपका लावला आणि पुढच्या सायकलीकडे सरकले. ती त्या कंपनीची नव्हती. तिला त्यांनी हात लावला नाही.

मालगाडी गेली. फाटक वर झालं. मी काचेवर हात मारला, पण हॉर्न सगळीकडून सुरू झाले होते. सायकली, मोटारसायकली, टेम्पो, सगळं एकदम रुळांवरून पुढे गेलं, आणि आमची बसही.

त्या पावसाळ्यानंतर मी दुकानात गेले तेव्हा शेठ म्हणाले, नाना लेकीकडे सुरतेला गेले, गुडघ्यांचं फार झालं होतं. त्यामुळे माझ्याकडे त्यांचं शेवटचं एवढंच आहे. मागच्या काचेतून दिसत होतं : रस्ता मोकळा झालेला, धूळ बसत चाललेली, आणि नाना खांबाला पाठ टेकून, डब्याचं झाकण लावून, पुढची गाडी यायची वाट बघत उभे.